त्या सकाळची फणी

१

"फणी नाहीये," मोनाली म्हणाली, आणि हातातली सतरंजी तिनं तिथंच टाकली.

जळगावच्या पिंप्राळ्यातल्या जीवरामनानांच्या घराची पुढची खोली म्हणजे 'समेट' संस्थेचं कार्यालय. ज्यानं वाईट केलं तो आणि ज्याचं वाईट झालं तो, दोघांना एका सतरंजीवर समोरासमोर बसवायचं आणि पोटातलं बोलू द्यायचं, एवढंच संस्थेचं काम. कोर्ट शिक्षा देतं, पण मनात रुतलेला काटा कोर्टाला काढता येत नाही, असं नाना म्हणत. बैठकीचा नियम एकच. ज्याच्या हातात फणी असेल त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. फैजपूरकडची माणसं फणी म्हटलं की केळ्यांची समजत आणि मग स्वतःच हसत. ही फणी केसांची होती, शिसवी लाकडाची, नानांच्या लेकीची, सारिकाची.

सारिका कॉलेजला निघाली होती आणि यावल रस्त्यावर केळीच्या टेम्पोखाली गेली. टेम्पो चालवणारा भटू शिक्षा भोगून सुटला, तेव्हा नाना आपणहून त्याला भेटले, समोर बसवलं, दोघं रडले, आणि शेवटी नाना म्हणाले, चल घरी. तिथून संस्था सुरू झाली. भटू आता संस्थेची जीप चालवतो. ऐकणारे तोंडात बोट घालतात.

प्रत्येक बैठक नाना एकाच वाक्यानं उघडत. फणी तळहातावर ठेवून सांगत, "त्या सकाळी तिच्या आईनं याच फणीनं तिची वेणी घातली, आणि माझी पोर गेली." या वाक्याला भांडखोरातला भांडखोर माणूसही खाली बघायचा. आत स्वयंपाकघरात नानांच्या बायकोच्या, यशोदाअक्कांच्या कपबशांचा आवाज चालू असायचा, तोसुद्धा तेवढ्यापुरता थांबायचा.

तर ती फणी गेली होती, आणि तीही आज. दुपारी फैजपूरचे तोताराम आणि अमृत हे चुलतभाऊ बैठकीला येणार होते. अमृतनं रागाच्या भरात तोतारामची घडावर आलेली केळीबाग विळ्यानं आडवी केली होती. महिनोनमहिने विनवण्या केल्यावर दोघं एका सतरंजीवर बसायला तयार झाले होते.

सुलक्षणाताई पुढे झाल्या. धुळ्याच्या पोलीस खात्यात हवालदार म्हणून जन्म काढलेली बाई. निवृत्त झाल्यावर जळगावला आली आणि या संस्थेत रमली. त्यांनी कशाला हात लावला नाही, नुसतं बघितलं. काचेचं कपाट बंद. किल्ली नेहमीसारखी टेबलाच्या खणात, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी. आत फणीचं लाल फडकं नीट घडी करून ठेवलेलं. शेजारी कालच आलेली पितळी पाटी. ती मात्र उपडी घातलेली होती.

मागून प्रेमराजभाऊंचा आवाज आला. ते संस्थेचे विश्वस्त, कापडाचे व्यापारी. "ताई, त्या फडक्यावरचा डाग बघा. तेलाचा आहे. या घरात तेलकट हात कोणाचे असतात, मी सांगायला पाहिजे का?"

खिडकीतून अंगण दिसत होतं. तिथं भटू जीपखालून बाहेर आला आणि चिंधीला हात पुसायला लागला.

२

प्रेमराजभाऊंनी अट घालून टाकली. बैठक सुरू होईतो फणी आली नाही, तर भटूनं जीपची किल्ली टेबलावर ठेवायची आणि चालू लागायचं. नाना खुर्चीत बसून कपाटातल्या घडीच्या फडक्याकडे बघत राहिले. सुलक्षणाताईंनी खिडकीतून भटूकडे बघितलं. भटूचं गाव साक्रीकडचं, तिथं त्याला कोणी उंबऱ्यात उभं करत नाही. चोर म्हणून इथून निघाला, तर त्याला उभ्या जगात थारा नव्हता. शिवाय नाना हरले असते ते वेगळंच.

"मी विचारते सगळ्यांना," ताई म्हणाल्या.

मोनालीनं लगेच अडवलं. समाजकार्य शिकून आलेली पोर, नियमाला पक्की. 'समेट'मध्ये 'कोणी केलं?' असं विचारायचं नाही, 'कोणाचं काय दुखलं?' एवढंच विचारायचं, हे तिनं ताईंना पुन्हा ऐकवलं. ताईंना हसू आलं. ज्या बाईनं हयातभर 'कोणी केलं' हेच विचारलं, तिच्यापुढे हा नियम म्हणजे मुंगळ्याला गुळाच्या ढेपेपासून लांब बस म्हणण्यासारखंच होतं. पण बरं म्हणाल्या. तर मग सांग, तुझं काय दुखतं?

मोनाली गडबडली, पण खरं बोलली. तिला ती फणी कधीच आवडली नव्हती. माणसं स्वतःचं दुःख बोलायला येतात आणि हातात दुसऱ्याच्या मेलेल्या पोरीची वस्तू घेऊन बसतात. त्यांचं दुःख मग त्यांनाच लहान वाटायला लागतं. त्यापेक्षा साधा गोटा ठेवावा, असं तिनं नानांना दोनदा सुचवून बोलणी खाल्ली होती. बोलताना ती आपल्या पोरासारख्या कापलेल्या केसांतून हात फिरवत होती. त्या केसांना तेलाचा थेंब कधी लागला नसावा.

प्रेमराजभाऊंना तोच प्रश्न विचारला, तर ते आधी चिडले. मग म्हणाले, दुखतं ते हेच, की एवढं मोठं काम पिंप्राळ्याच्या एका खोलीत कुजतंय. त्यांनी खटपट करून पुण्याच्या एका प्रदर्शनात फणीला जागा मिळवली होती. उद्याच्या गाडीनं ती जाणार होती, कायमची. नानांनीही मान डोलावली होती. फणीखाली लावायला म्हणून पितळी पाटी घडवली होती आणि तिच्यावर नानांचं ते वाक्य कोरून घेतलं होतं.

"पाटी उपडी कोणी घातली?" ताईंच्या तोंडून जुन्या सवयीनं निसटलंच.

"पडली असेल," भाऊंनी आपल्या गुळगुळीत टकलावरून रुमाल फिरवला. "वाक्य चांगलं आहे हो. काल मीच मोठ्यानं वाचून दाखवलं सगळ्यांना."

ताईंनी फडकं उचलून नाकाशी नेलं. वंगणाचा वास नव्हता. खोबरेलाचा होता, मेथी घालून कढवलेल्या. हे तेल त्यांच्या चांगलं ओळखीचं होतं. अक्का ते हिवाळ्यात करत आणि बाटल्या भरून घरच्या-दारच्या सगळ्यांना देत. एक बाटली ताईंच्या कपाटात होती, आणि एक भटूच्या खोलीत.

३

भटूनं नाकारलं असतं तर ताईंना सोपं गेलं असतं. तो चाकाशी उकिडवा बसला होता. डोक्याला तेल चोपडलेलं होतं, आणि त्याला तोच मेथीचा वास होता.

"माझ्या नावावर घ्या, ताई," तो म्हणाला.

"म्हणजे तू नेलीस?"

"माझ्या नावावर घ्या म्हणतोय ना. मी संध्याकाळच्या गाडीनं निघतो. बैठक मोडू नका."

पोलिसात चोरीच्या संशयावरून आणलेले ताईंनी ढिगानं पाहिले होते. त्यांना एक खोड असते. ते वस्तू कुठं आहे ते सांगतात आणि आपण नेली हे लपवतात. हा उलट होता. फणी कुठं आहे विचारलं की गप्प, आणि आळ मात्र आनंदानं अंगावर घेत होता. असं माणूस कोणासाठी तरीच करतो. पहाटे उठून जीप पुसणाऱ्या भटूला खिडकीतून काहीतरी दिसलं असणार, हे ताईंना कळून चुकलं.

त्यांनी रोख बदलला. इतकी वर्षं तू बैठकीच्या वेळी बाहेर जीपमध्ये का बसून राहतोस, फणी एकदाही हातात का घेतली नाहीस, असं विचारलं. त्यानं हातातली चिंधी पिळली. मग म्हणाला, नानांचं ते वाक्य त्याला आत बसून ऐकवत नाही.

"का? तुझ्याबद्दल तर त्यात काही वाईट नाही."

"तसं नव्हे," भटू पुटपुटला. "त्या दिवशी ती फणी तिच्या केसांतून फिरलीच नव्हती."

ताई त्याच्याजवळ वाकल्या. "तुला काय माहीत?"

पण भटूनं जीभ चावली होती. तो पुन्हा जीपखाली सरकला आणि कितीही हाका मारल्या तरी बाहेर आला नाही.

४

अंगणातल्या कट्ट्यावर बसून ताईंनी मनाशी मांडणी केली.

फणी उद्या जाणारच होती. मोनालीला ती नको होती, तर तिनं एक दिवस थांबलं की पुरे होतं. प्रेमराजभाऊंना ती पुण्याला हवी होती, तर ती जातच होती. भटूला तिच्या सावलीतून सुटायचं होतं, तर उद्या तोही सुटत होता. नानांनी तर स्वतःच दिली होती. म्हणजे ज्यांच्यावर संशय घ्यावा, त्या कोणालाही फणी चोरायची गरज नव्हती. चोरली त्याच माणसानं, ज्याला ती जायला नको होती.

आणि ती पाटी. सगळं जिथल्या तिथं ठेवणाऱ्या, फडक्याची घडी घालणाऱ्या माणसानं पाटी तेवढी उपडी घातली होती. त्याला ते वाक्य डोळ्यांसमोर नको होतं. का, तर ते खोटं होतं. ते खोटं आहे हे ज्यांना माहीत असू शकतं अशी जगात दोनच माणसं. एकानं सारिकाला शेवटचं पाहिलं. आणि दुसरीनं तिची वेणी घातली नव्हती.

बैठकीत त्या वाक्याला कपबशा थांबायच्या. सगळ्यांना वाटायचं, आईचं काळीज, मुलीच्या आठवणीनं हात थांबतात. इतक्या वर्षांत आत जाऊन बघितलं कोणी? ताईंनी स्वतः कधी बघितलं? फैजपूर, यावल, धुळे, कुठकुठल्या माणसांना या घरात 'तुमचं काय दुखलं?' असं विचारलं गेलं, आणि त्या सगळ्यांना चहा देणाऱ्या बाईला कोणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. नानांनी माफ केलं म्हणजे घरानं माफ केलं, असं सगळे धरून चालले होते. ताईंना स्वतःचीच शरम वाटली.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. अक्का चुलीवर भरताची वांगी भाजत होत्या. बैठकीनंतर दोन्हीकडच्या माणसांनी एका पंगतीला भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खायची, ही इथली रीत. पदर नेहमीसारखा डोक्यावरून होता, पण आज कपाळाच्या खाली आलेला. सकाळपासून चहा देतानाही त्यांचा एक हात पदरावरच होता, हे ताईंना आत्ता आठवलं.

ताई शेजारी पाटावर बसल्या. "अक्का," त्या म्हणाल्या, "तुमचं काय दुखलं?"

वांगं उलटता उलटता अक्कांचा हात थांबला. त्यांचं माहेर धुळ्याकडचं, मन भरून आलं की माहेरची बोली ओठांवर यायची.

"इतला वरीस व्हयनात," त्या म्हणाल्या, "माले कोनी नही विचारं."

आणि मग त्यांनी सांगितलं. रोज सकाळी त्या लेकीची वेणी घालत. त्या दिवशी सारिका फणी घेऊन पाठमोरी येऊन बसली होती आणि तेवढ्यात नळाला पाणी आलं. जळगावचं पाणी. आज आलं तर पुन्हा कधी येईल नेम नाही. अक्का हंडा घेऊन धावल्या आणि जाताना म्हणाल्या, जा तशीच, पाणी जाईल. एवढंच. पोरगी केस मोकळे सोडून गेली. नाना लवकर बाहेर पडलेले. त्यांनी संध्याकाळी आरशापाशी फणी पाहिली, रोजच्यासारखी वेणी घातली असणार असं धरलं, आणि रडत रडत ते वाक्य पहिल्यांदा बोलले. तेव्हा त्यांना खोडून काढायचं त्राण अक्कांत नव्हतं. नंतर ते वाक्य गावोगाव गेलं. दर बैठकीला त्या आतून ते ऐकत राहिल्या. काल ते पितळेत कोरून आलं.

"पाटीवर गये म्हंजे खरंच व्हई जाई," अक्का म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले, आणि पदर मागे घसरला.

फणी त्यांच्या पांढऱ्या अंबाड्यात खोचलेली होती. सकाळपासून ती सगळ्यांच्या समोरून फिरत होती, चहाच्या तबकाबरोबर.

धुळ्याला दिलेल्या सुलक्षणाताईंच्या लेकीचे केस लहानपणी कायम बॉयकट असायचे, का, तर ड्यूटीवरून येऊन वेणी घालायला आईला वेळ नव्हता. आता लेकीचा फोन सणासुदीला येतो. एकदा, फक्त एकदा तिला पाठमोरी बसवून विंचरायला मिळावं, असं अलीकडे ताईंना फार वाटायचं. त्यांनी अक्कांचा हात धरला.

"मला एकच जाणून घ्यायचंय," अक्का म्हणाल्या. "ज्याला माहीत आहे, त्याच्याकडे मी इतकी वर्षं मान वर करून पाहिलेलं नाही. भीती वाटते. तो हो म्हणाला तर मी कुठं जाऊ?"

५

दुपारी सतरंजी अंथरली. एका बाजूला तोताराम, दुसऱ्या बाजूला अमृत, दोघांची तोंडं दोन दिशांना. प्रेमराजभाऊ घड्याळाकडे बघत होते. भटूनं जीपची किल्ली टेबलावर आणून ठेवली होती आणि गाठोडं घेऊन तो बाहेरच्या दाराशी उभा होता.

"नाना," सुलक्षणाताई म्हणाल्या, "आजची सुरुवात तुमची नाही."

आतल्या दारातून अक्का आल्या. या खोलीत त्या तबक घेतल्याशिवाय कधी आल्या नव्हत्या. त्या सतरंजीवर बसल्या, पदर मागे सारला, अंबाड्यातून फणी काढली आणि पुढ्यात धरली. नाना अर्धवट उठले आणि तसेच खाली बसले. नियम त्यांचाच होता. ज्याच्या हातात फणी, त्यानं बोलायचं.

"हे बोलतात ते खरं नाही," अक्का म्हणाल्या. "त्या सकाळी मी वेणी घातली नव्हती."

त्यांनी पाण्याचं सांगितलं, हंड्याचं सांगितलं. नानांच्या चेहऱ्यावर एकेक वर्ष उतरत गेलं. इतक्या लोकांना ऐकायला शिकवणाऱ्या माणसाला भिंतीपलीकडचं ऐकू आलं नव्हतं. मग अक्का दाराकडे वळल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा भटूच्या डोळ्यांत डोळे घालून बोलल्या.

"केस तिना डोयावर येल व्हतात का? म्हनीसन तिले तुनी गाडी दिसनी नही का?"

म्हणजे हे होतं. आपण वेणी घातली नाही, केस डोळ्यांवर आले, आणि त्यामुळं पोर मेली का, एवढाच प्रश्न घेऊन ही बाई चहा करत आली होती. अक्कांनी फणी भटूपुढे धरली.

भटूनं ती दोन्ही हातांत घेतली.

"नही, माय," तो म्हणाला. "केस मोकळा नव्हतात. अंबाडा बांधेल व्हता, त्यामा पेन खोचेल व्हता. हिरवा पेन. तिनी माले देखं. तिले वाटनं, हाऊ थांबी." गाडीवाला थांबेल असं सारिकाला वाटलं होतं, हे सांगताना त्यानं फणीवरून अंगठा फिरवला. "मीच मोबाईलमा देखी राहिंतू. तिनी काही चूक नही. तुनी बी नही."

"तर मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?" हे नानांनी विचारलं. फणी त्यांच्या हातात नव्हती, पण त्यांना कोणी अडवलं नाही.

भटू म्हणाला, त्याला वाटलं, बापानं स्वतःचं समाधान करून घेतलंय, ते तरी आपण हिसकावू नये. पहाटे अक्कांना कपाटापाशी बघितलं तेव्हाही तेच वाटलं. याउपर या घराचं आपल्या हातून काही जायला नको.

अक्का त्याच्याकडे बघतच राहिल्या होत्या. "हिरवा पेन," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "परीक्षेसाठी मीच आणून दिला होता."

"तो तिकडं रस्त्यावर पडला होता, माय. मी उचलून पोलिसांना दिला."

"मी तुला माफ केलेलं नाही, भटू," अक्का म्हणाल्या. "ते यांनी केलं. माझं मला अजून माहीत नाही. पण गाठोडं आत ठेव, आणि इथं बस. ती कशी चालत येत होती ते सांग. हळू की घाईत? एकटी होती की मैत्रिणी होत्या? शेवटचं तिला तू बघितलंयस."

भटू आत येऊन बसला, आणि आठवेल तसं सांगायला लागला. प्रेमराजभाऊंनी हळूच उठून कपाटातली पाटी काखोटीला मारली. ती कुठं जाणार हे त्यांना कोणी विचारलं नाही. तोताराम डोळे पुसत होता. शेजारी अमृतनं मान खाली घातली होती, आणि मघाशी त्यांच्यामध्ये राहिलेली जागा आता तेवढी राहिली नव्हती.

तेवढ्यात बाहेरून शेजारणीनं आरोळी दिली, "अक्का, पाणी आलं वं!" मोरीतला नळ खरखरला आणि धार सुरू झाली. या घरात पाणी आलं की अक्का हातातलं टाकून धावत, दुसऱ्या कोणाला हंड्याला शिवू देत नसत. सगळ्यांनी सवयीनं त्यांच्याकडे बघितलं.

अक्का उठल्या नाहीत. भटूकडे तोंड करून त्या ऐकत बसल्या होत्या. नाना गुडघ्यावर हात टेकून उठले, मोरीत गेले, आणि नळाखाली हंडा लावला.